‘मूळव्याधच असेल’ म्हणताना गेलेले आठ महिने



आजचा लेख एका कबुलीने सुरू करतो. काही वर्षांपूर्वी चौतिशीतला एक तरुण माझ्या ओपीडीत आला. एमआयडीसीत कामाला, शिफ्ट ड्युटी, जेवणाच्या वेळांचा पत्ता नाही. म्हणाला, “सर, संडासच्या वेळी अधूनमधून रक्त पडतंय.” मी विचारलं, दुखतं का? नाही. खडा होतो का? कधीकधी. बाहेर वीस-पंचवीस पेशंट बसलेले होते. मी इसबगोल लिहिलं, एक मलम लिहिलं, तिखट कमी कर, पाणी भरपूर पी, असं सांगितलं आणि “मूळव्याधच असेल, काळजी करू नकोस” म्हणून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तपासलं नाही. तपासणीचं टेबल माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर आहे.

आठ महिन्यांनी तो परत आला तो थकव्यासाठी. जिना चढताना दम लागतो, कामावर डुलक्या येतात. हिमोग्लोबिन ८.२. रक्त अजून पडतं का, असं विचारल्यावर म्हणाला, “ते तर चालूच आहे सर, मूळव्याध आहे ना मला.” माझंच वाक्य त्याने मला परत दिलं. या वेळी मी ग्लोव्ह चढवला. बोट पोचेल एवढ्या अंतरावर कडक, खडबडीत गाठ होती. गुदाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्याची परवानगी आहे. माझी चूक मात्र जशी होती तशीच ठेवली आहे.)

ती गाठ आठ महिन्यांपूर्वीही तिथे असणारच. बोटाला लागली असती का? बहुधा लागली असती. तेव्हा ती दुसऱ्या स्टेजमध्ये असती का? ते मला सांगता येणार नाही, आणि हे न सांगता येणंच मला अजून टोचतं. मी एमडी आहे, पंचवीसहून जास्त वर्षं प्रॅक्टिस करतो. ही तपासणी करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

“तरुण आहे, मग जोरात पसरेल ना?”

रिपोर्ट आल्यावर त्याचे मोठे भाऊ आले. त्यांनी विचारलं, “डॉक्टर, तरुणपणी कॅन्सर झाला की फार जोरात पसरतो म्हणतात. खरं का?” आणि त्याच संध्याकाळी त्याच्या सासऱ्यांचा फोन, “तरुण आहे, शरीर दणकट आहे, त्याला सगळं झेपेल ना?” एकाच घरातली दोन मतं, अगदी उलट दिशेची. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोठं आतडं आणि त्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय, या दोन्हींच्या कॅन्सरचा एकत्रित विचार केला जातो. जगात दर वर्षी सुमारे १९ लाख लोकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ९ लाख लोक त्याने जातात. पेशंट वाचणार की नाही हे सर्वांत जास्त कशावर ठरतं? तर निदान झालं तेव्हा कॅन्सर कुठवर पोचला होता, यावर. अमेरिकेतले आकडे असे आहेत: कॅन्सर आतड्यापुरताच असेल तर पाच वर्षांनी सुमारे ९० टक्के पेशंट जिवंत असतात. आजूबाजूच्या गाठींपर्यंत, म्हणजे लिम्फ नोड्सपर्यंत गेला असेल तर ७० टक्क्यांच्या थोडं वर. लिव्हर किंवा फुप्फुसात पोचला असेल तर १५ टक्क्यांच्या आसपास. रोग तोच, औषधं बहुतेक तीच, आणि फरक ९० विरुद्ध १५ चा.

आता वयाचं. एकाच स्टेजचे तरुण आणि म्हातारे पेशंट शेजारी ठेवून पाहिले, तर तरुणांचे निकाल वाईट नसतात. बहुतेक मोठ्या अभ्यासांमध्ये ते तेवढेच किंवा किंचित चांगले निघाले आहेत. हृदय, किडनी धडधाकट असतात, ऑपरेशन सोसतं, केमो पूर्ण घेता येते. म्हणजे सासरे अगदीच चुकीचे नव्हते. पण भावाचं म्हणणंही हवेतलं नाही. तरुणांमध्ये काही जास्त आक्रमक प्रकार अधिक प्रमाणात दिसतात. उदाहरणार्थ सिग्नेट रिंग नावाचा प्रकार, ज्यात कॅन्सरची पेशी मायक्रोस्कोपखाली अंगठीसारखी दिसते. हा प्रकार भारतीय पेशंटमध्ये पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो, आणि त्याचे निकाल खरोखर कठीण असतात. अगदी विशीतल्या पेशंटच्या बाबतीतही मी फार आशावादी बोलत नाही.

तरीही माझं मत असं की तरुणांचं सर्वांत मोठं नुकसान पेशी करत नाही, उशीर करतो. पन्नाशीच्या आतल्या पेशंटपैकी निम्म्याहून बऱ्याच जणांचं निदान तिसऱ्या किंवा चौथ्या स्टेजला होतं. २०२४ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, ८१ अभ्यास एकत्र करून. त्यात दिसलं की पहिलं लक्षण ते निदान यात तरुण पेशंटचे साधारण चार ते सहा महिने जातात. हे मुख्यतः श्रीमंत देशांतले अभ्यास. आपल्याकडचा हिशेब तुम्हीच करा. माझ्या पेशंटचे आठ गेले, आणि तो तर पहिल्याच महिन्यात डॉक्टरकडे आला होता.

भारतात या कॅन्सरचे पाच वर्षांचे निकाल ४० टक्क्यांच्या आत राहतात, हे आकडे पाहिले की अनेकांना वाटतं आपल्याकडची हॉस्पिटलं कमी पडतात. काही ठिकाणी पडतातही. पण चौथ्या स्टेजला आलेला पेशंट मुंबईला नेला काय आणि न्यूयॉर्कला नेला काय, फरक मर्यादितच.

तरुणांत खरंच वाढतोय का?

पाश्चात्त्य देशांत, हो. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवलं की १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना, १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत त्याच वयात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट आहे. ‘ब्लॅक पँथर’ सिनेमाचा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच आजाराने गेला, वय ४३. निदान २०१६ मध्ये झालं होतं, तिसऱ्या स्टेजला. मधल्या चार वर्षांत, उपचार चालू असताना, त्याने चित्रपट केले आणि बाहेर कुणाला कळू दिलं नाही. २०१८ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारी शिफारस समितीने स्क्रीनिंगचं वय ५० वरून ४५ केलं, ते याच वाढीमुळे.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये सुमारे ८०० पेशंटचा अभ्यास झाला, त्यात सरासरी वय ४७ च्या आसपास आलं. अमेरिकेत ते साठीच्या पुढे आहे. यावरून व्हॉट्सॲपवर लगेच ‘भारतीय तरुणांना कॅन्सरचा विळखा’ वगैरे फिरू लागतं. थांबा जरा. भारताची निम्मी लोकसंख्या तिशीच्या आतली आहे. ज्या देशात तरुणच जास्त, तिथे पेशंटमध्येही तरुणांचा वाटा जास्त दिसणार. शाळेत मुलंच जास्त असतात म्हणून शाळेतल्या सर्दीच्या पेशंटचं सरासरी वय दहा येतं, तसंच हे. शिवाय मोठ्या हॉस्पिटलपर्यंत लांबचा प्रवास करून जाणारे लोक बहुधा तरुण. आजोबांना घरचे म्हणतात, आता या वयात कुठे नेता.

भारतीयांना या कॅन्सरचा धोका पाश्चात्त्यांपेक्षा अजूनही बराच कमी आहे. त्यामुळे तिशीतल्या माणसाच्या संडासात रक्त दिसलं तर ते कॅन्सरचं असण्याची शक्यता कमीच असते. बहुतेक वेळा मूळव्याध किंवा फिशरच निघतं. मी त्या दिवशी जे म्हणालो ते आकडेवारीच्या हिशेबाने बरोबरच होतं. ‘बहुतेक’ हा शब्द शंभर जणांना लागू पडतो, समोर बसलेल्या एकाला नाही. आणि बहुतेक वेळा मूळव्याधच निघते म्हणून तपासायचं नाही, हा तर्क आम्ही डॉक्टर दुसऱ्या कुठल्या अवयवाला लावत नाही. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या चाळिशीतल्या माणसाचं बहुतेक वेळा पित्तच असतं, तरी ईसीजी काढतोच की आपण.

उशीर कुठे कुठे होतो

पहिला उशीर घरातला. या जागेबद्दल आपण बोलत नाही. नवरा बायकोला सांगत नाही, मुलगा आईला सांगत नाही. पेशंट माझ्यासमोर बसूनसुद्धा आधी ॲसिडिटी, मग पाठदुखी सांगतो, आणि उठताना दाराच्या हँडलवर हात ठेवून म्हणतो, “आणि एक होतं डॉक्टर, ते जरा... तिकडून... रक्त.” ज्याच्यासाठी आलेला असतो ते शेवटी येतं. बायकांचं तर आणखी अवघड. बाळंतपणानंतर मूळव्याध होते हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे मूल पाच वर्षांचं झालं तरी रक्ताचा हिशेब त्या बाळंतपणाच्या खात्यावरच चालू असतो.

दुसरा उशीर रस्त्यावरचा. एसटी स्टँडच्या भिंती, रेल्वेचे डबे, विजेचे खांब, कुठेही बघा, ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन, एका दिवसात मुक्ती’. तिथे जाणाऱ्याला मी दोष देत नाही. लाजेच्या आजारात न तपासता औषध देणारा माणूस देवासारखा वाटतो. क्षारसूत्रासारखे उपचार नीट शिकलेल्या वैद्यांच्या हाती चांगले परिणाम देतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते तपासून करतात. माझी तक्रार बघितल्याशिवाय नाव ठेवण्याबद्दल आहे. मेडिकलच्या दुकानातून गोळ्या-मलम नेणारेही याच गटात. गंमत म्हणजे रक्त काही दिवस थांबतंही. कॅन्सरमधलं रक्त रोज पडतंच असं नाही, ते आपोआप थांबतं, पुन्हा सुरू होतं. मधल्या काळात जे काही घेतलं असेल त्याला श्रेय जातं.

तिसरा उशीर आमचा. हा मी मुद्दाम शेवटी लिहितोय, पण तो सर्वांत लहान नाही. गुदद्वारात बोट घालून तपासणी करायला विद्यार्थीदशेत शिकवतात आणि प्रॅक्टिस सुरू झाली की बहुतेक फिजिशियन ती विसरतात. कारणं असतात. गर्दी, आडोसा नाही, स्त्री पेशंट असेल तर सोबत नर्स नाही, पेशंट काय म्हणेल ही भीती. मी ही सगळी कारणं स्वतः वापरलेली आहेत. पण आपल्याकडे या कॅन्सरपैकी मोठा वाटा गुदाशयाचा, त्यातल्याही बऱ्याच गाठी खालच्या भागात, म्हणजे बोटाला लागणाऱ्या. एका ग्लोव्हच्या खर्चात होणारी कॅन्सरची तपासणी आणखी कुठली आहे, मला तरी आठवत नाही.

म्हणून तुम्हालाच सांगतो. रक्ताची तक्रार घेऊन गेलात आणि डॉक्टरांनी न तपासता चिठ्ठी लिहायला घेतली, तर स्पष्ट म्हणा, “डॉक्टर, एकदा तपासून घेता का?” यात उद्धटपणा काही नाही. मला त्या दिवशी कुणी म्हटलं असतं तर मी खजील झालो असतो आणि तपासलं असतं.

कोणती लक्षणं मनावर घ्यायची

अमेरिकेत २०२३ मध्ये पन्नाशीच्या आतल्या सुमारे पाच हजार पेशंटच्या नोंदी तपासल्या गेल्या. निदानाच्या तीन महिने ते दोन वर्षं आधी चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: पोटदुखी, शौचावाटे रक्त, जुलाब, आणि लोहाच्या कमतरतेमुळे कमी झालेलं हिमोग्लोबिन. यातलं एक लक्षण असेल तर धोका जवळजवळ दुप्पट, दोन असतील तर साडेतीन पटींच्या वर, तीन किंवा जास्त असतील तर साडेसहा पट. लक्षात घ्या, मूळ धोका कमी असल्याने साडेसहा पट होऊनही बहुसंख्य लोकांना कॅन्सर नसतोच. पण तपासणी करायला एवढं कारण पुरेसं आहे.

माझ्या ओपीडीत मी काय बघतो ते सांगतो. रक्त तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ येत-जात राहिलं, तर ‘मूळव्याध’ हे नाव बाजूला ठेवून पुढची तपासणी. लाल ताजं रक्त म्हणजे मूळव्याध आणि काळपट म्हणजे कॅन्सर, असं काही जण रंगावरून ठरवतात, तसं करू नका. गुदाशयाच्या गाठीतूनही लालभडक रक्तच येतं. आणि मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही, असाही काही करार नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

शौचाची सवय बदलणं: इतकी वर्षं सकाळी एकदा जाणारा माणूस आता तीनदा जातो, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, पुन्हा कळ येते, बसलं तर नुसती आव पडते. याला ‘आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका’ असं म्हणणं फार सोपं. आयबीएस असतोही, तरुणांत भरपूर. पण आयबीएसने रक्त पडत नाही, वजन उतरत नाही, हिमोग्लोबिन कमी होत नाही आणि रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागत नाही. यातलं एकही असेल तर ते निदान पुन्हा तपासा.

आणि रक्त कमी असणं. पुरुषाचं हिमोग्लोबिन लोहाअभावी कमी झालं असेल तर ते कुठून जातंय हे शोधल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्या देणं मला मान्य नाही. पुरुषाला पाळी येत नाही, मग रक्त जातंय कुठे? बायकांमध्ये आपण सगळं पाळीवर ढकलतो. माझ्या एका पेशंटचं, वय ४१, तसंच झालं. चार वर्षं लोहाच्या गोळ्या, मधूनमधून सलाईनमधून लोह, पाळी तर नेहमीसारखीच. उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ निघाली. उजव्या बाजूच्या गाठीचं रक्त डोळ्यांना दिसतच नाही, ते विष्ठेत मिसळून जातं. सुदैवाने तिची दुसरी स्टेज होती. आज ती बरी आहे, दर वेळी येताना मला आठवण करून देते की डॉक्टर, त्या गोळ्यांनी माझे दात काळे झाले होते.

आता तपासण्यांमधला खोटा दिलासा. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आतडं नॉर्मल, असं नाही. सोनोग्राफीत आतड्याच्या आतलं नीट दिसत नाही. ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजमधली सीईए ही रक्ततपासणी निदानासाठी नाहीच, ती कॅन्सर झालेल्यांच्या फॉलोअपसाठी आहे. सुरुवातीच्या स्टेजला ती बहुतेकदा नॉर्मल असते. ती नॉर्मल बघून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. लक्षणं असतील तर खरी तपासणी म्हणजे बोटाने, आणि मग दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी.

मग सगळ्यांनीच तिशीत कोलोनोस्कोपी करून घ्यावी का? माझं उत्तर, नाही. अमेरिकेचं ४५ वय जसंच्या तसं आपल्याकडे आणावं या मताचाही मी नाही. आपल्याकडे धोका कमी आहे, दुर्बीण करणारे हात मोजके आहेत, आणि ते हात लक्षणं नसलेल्यांच्या तपासण्यांत गुंतले तर रक्त पडणाऱ्याला तारीख दोन महिन्यांनी मिळेल. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही, आणि आजच्या घडीला हा क्रम मला योग्यच वाटतो. मला हवं आहे ते एवढंच की ज्याला लक्षण आहे, त्याला वय बघून घरी पाठवू नये.

घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर गोष्ट वेगळी. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची. बहुतेक कॅन्सर आतड्यातल्या छोट्या कोंबापासून, म्हणजे पॉलिपपासून तयार होतात आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. पॉलिप दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. कॅन्सर होण्याआधीच तो संपवण्याची अशी संधी फार थोड्या अवयवांत मिळते.

निदान झाल्यावर: तरुण पेशंटचे वेगळे प्रश्न

इथे मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. तरुण पेशंट दिसला की आम्हा डॉक्टरांना जोर चढतो. ‘वय कमी आहे, सगळं देऊन टाकू.’ अमेरिकेतल्या नोंदींत असं दिसलं की तरुणांना त्याच स्टेजच्या वयस्कांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात केमो दिली जाते, अगदी सुरुवातीच्या स्टेजलासुद्धा, आणि त्या प्रमाणात आयुष्य वाढत नाही. जास्तीची केमो म्हणजे जास्तीचं आयुष्य नाही. केमोतल्या एका औषधाने, ऑक्झॅलिप्लाटिनने, हातापायांना येणाऱ्या मुंग्या काहींच्या कायमच्या राहतात. चौतीस वर्षांच्या, हातांनी काम करणाऱ्या माणसाला त्या पुढची तीस वर्षं वागवायच्या असतात. म्हणून कॅन्सरतज्ज्ञांना विचारा की ही केमो माझ्या स्टेजला किती फायदा देणार आहे. आकड्यात विचारा. चांगला तज्ज्ञ रागावत नाही.

उपचार सुरू होण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या राहून जातात. एक, मूल होण्याची. गुदाशयाच्या कॅन्सरला ओटीपोटाला रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात, ते बऱ्याचदा लागतं. त्याने स्त्रीबीजकोश निकामी होऊ शकतात, पुरुषांच्या वीर्यावर परिणाम होतो. शेक सुरू होण्याआधी वीर्य किंवा स्त्रीबीजं साठवून ठेवता येतात, नंतर ती संधी उरत नाही. माझ्या पेशंटला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याच्या आई म्हणाल्या, “आधी जीव वाचू दे, पोराबाळांचं नंतर बघू.” मी म्हटलं, “काकू, नंतर बघायचं असेल तर आत्ताच ठेवायला लागतं.” दोन दिवसांचं काम होतं, त्याने उपचाराला उशीर झाला नाही.

दुसरी, एमएमआर तपासणी. बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होते. पन्नाशीच्या आत हा कॅन्सर झालेल्या साधारण सहांपैकी एकाच्या मुळाशी आनुवंशिक दोष निघतो, त्यातला मोठा भाग लिंच सिंड्रोम नावाच्या दोषाचा. तो असेल तर भावंडांची आणि मुलांची तपासणी ठरते, बायकांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरकडेही लक्ष ठेवावं लागतं. उपचारही बदलू शकतो. २०२२ मध्ये ‘बाराच्या बारा पेशंट बरे झाले’ अशी बातमी सगळीकडे फिरली होती, आठवते? ते याच गटातले गुदाशयाच्या कॅन्सरचे पेशंट होते, डोस्टारलिमॅब नावाचं औषध घेतलेले. बातमी खरी होती. फक्त गुदाशयाच्या कॅन्सरपैकी ५ ते १० टक्केच गाठी त्या प्रकारच्या असतात, हे फॉरवर्ड करताना कुणी लिहिलं नाही.

पोटावरच्या पिशवीबद्दल लोक कॅन्सरपेक्षा जास्त घाबरतात. कित्येकदा ती काही महिन्यांपुरती असते, काहींची कायमची. कायमची पिशवी लावून शेतात काम करणारे, ऑफिसात जाणारे, गाडी चालवणारे लोक मी रोज बघतो. पिशवी नको म्हणून ऑपरेशन टाळलेले तिघे मला आठवतात, त्यांची गोष्ट इथे लिहीत नाही. मात्र पिशवी गेल्यावर सगळं पूर्ववत होतं, असंही कुणी सांगू नये. गुदाशयाचा भाग काढल्यावर दिवसातून पाच-सात वेळा जावं लागणं, घाई होणं हे महिनोन्‌महिने चालतं. कामावर बाथरूम कुठे आहे, हा त्याच्यासाठी पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न होतो.

खर्चाचं थोडक्यात: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांची पॅकेजेस आहेत. हॉस्पिटल निवडण्याआधी ते योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. बिल भरून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आणि एक चांगली बातमी, जी औषध कंपनीची नाही. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ पेशंटवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशन आणि केमो झालेल्या पेशंटपैकी अर्ध्यांना तीन वर्षं, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात ९० टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटात ८३. व्यायाम म्हणजे काय, तर बहुतेकांसाठी आठवड्यातून तीन-चार दिवस पाऊण-एक तास भरभर चालणं. एखाद्या गोळीने एवढा फरक पडला असता तर ती किती लाखांना विकली गेली असती! आपल्याकडे उलटं होतं. कॅन्सर झाला की घरचे पेशंटला पलंगावरून उतरू देत नाहीत.

“पण मलाच का?”

हा प्रश्न तरुण पेशंट हमखास विचारतो, आणि नातेवाईक त्याचं उत्तर तयार ठेवून बसलेले असतात: बाहेरचं खाणं, मोबाईल, रात्रपाळी, टेन्शन. लठ्ठपणा, दारू, तंबाखू, प्रक्रिया केलेलं मांस, बैठं काम यांचा संबंध नक्की आहे. पण एकेका माणसाच्या बाबतीत कारण सांगता येत नाही. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींच्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं की आतड्यातल्या काही जिवाणूंच्या कोलिबॅक्टिन नावाच्या विषाच्या खुणा चाळिशीच्या आतल्या पेशंटमध्ये सत्तरीपुढच्यांपेक्षा तिपटीहून जास्त आढळतात, आणि त्या खुणा बहुधा लहानपणीच उमटलेल्या असतात. हे अजून शोधाच्या टप्प्यावर आहे. पण माझ्या पेशंटच्या आईला मी हे सांगितलं, कारण त्या तीन महिने स्वतःला आणि सुनेला स्वयंपाकावरून दोष देत होत्या.

त्याचं सांगायचं तर आधी शेक आणि केमो, मग ऑपरेशन, काही महिने पिशवी, मग ती बंद. आता कामावर आहे, दिवसपाळी मागून घेतली. दर तपासणीच्या आधी आठवडाभर त्याला झोप लागत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही रिपोर्ट उघडताना धाकधूक होते. त्याच्या मोठ्या भावाने मात्र कोलोनोस्कोपीला पाच महिने टाळाटाळ केली. शेवटी वहिनींनी तारीख घेतली. दोन पॉलिप निघाले, तिथेच काढले.

कोलोनोस्कोपी दुखते का, हे सगळेच विचारतात. झोपेचं इंजेक्शन देतात, तपासणीचं बहुतेकांना आठवतही नाही. त्रास आदल्या दिवशीचा. पोट साफ करायचं औषध दोन-तीन लिटर पाण्यातून प्यायचं आणि रात्री घरातला एक संडास स्वतःसाठी राखून ठेवायचा. औषध थंड करून, स्ट्रॉने, घोट घोट प्या. रक्त पातळ होण्याची गोळी, लोहाची गोळी किंवा डायबेटिसचं औषध चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा, त्यातली काही आधी बंद ठेवावी लागतात. गाडी स्वतः चालवत घरी जायचं नाही, सोबत कुणाला तरी घेऊन जा.